फळीची बस

आम्ही मूळचे नागपूरचे. वडील सरकारी दफ्तरात बाबू होते, अन् राजधानी भोपाळला आली तेव्हा कपाटं, टेबलं, फायली यांच्यासोबत बाबू लोकांनाही उचलून इकडे आणलं, तशी माझी आई दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा अन् मला कडेवर घेऊन आली. मला तो ताप नागपुरात आला का इथे आल्यावर आला, यावरून दोघांचं जन्मभर भांडण होतं बरं का. आई म्हणायची भोपाळच्या पाण्यानं पोरीचे पाय गेले, वडील म्हणायचे काहीतरीच काय, गाडीत बसलो तेव्हाच पोरगी तापली होती. मला काही आठवत नाही. पाय मात्र गेले, दोन्ही, डावा जरा जास्त. आई तिळाच्या तेलानं चोळायची अन् चोळता चोळता रडायची, मग मीच तिला म्हणायची की आता पुरे, ते पाय आहेत, कणीक नाही.

शाळा वडिलांच्या सायकलच्या कॅरियरवर झाली. मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, घरात बसले, अन् मग त्या मोठ्या सरकारी कारखान्यात आमच्यासारख्यांसाठी जागा निघाल्या. नाव घेत नाही मी कारखान्याचं, कारण त्याचं मीठ खाल्लं आहे. तिथे कॉइलवर टेप गुंडाळायचं काम बायका करायच्या. मोठमोठ्या मोटारींच्या आत तांब्याच्या कॉइली असतात ना, त्यांच्यावर हातानं पट्टी गुंडाळायची, एकावर एक, सैल नाही पडली पाहिजे. बसून काम. माझ्यासाठीच बनवलेलं काम म्हणा. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मला क्वार्टर मिळालं, तेही तळमजल्याचं मिळावं म्हणून मी भांडले, कारण पहिल्यांदा दुसऱ्या मजल्याचं देऊन राहिले होते. वडिलांनी रिटायर झाल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला छोटं घर बांधलं अन् आई-वडील तिकडे राहिले. मी इकडे. एकटी. लोकांना वाटायचं बिचारी, पण मला फार आवडायचं ते. आपलं कुलूप, आपली किल्ली.

अडचण एकच होती, बस. कारखान्याची शिफ्टची बस क्वार्टरांच्या चौकात यायची, तिथवर मी कुबड्यांवर जायची, पण बसची पहिली पायरी एवढी उंच की धडधाकट बायकाही साडी सावरून हुश्श करत चढायच्या. मी कशी चढणार? पहिल्याच दिवशी मी चौकात उभी, बस समोर उभी, ड्रायव्हर रफीकभाई हॉर्न मारून राहिले, अन् मला वाटलं झालं, गेली नोकरी. तेवढ्यात माझ्या बाजूच्या क्वार्टरमधली निर्मला पुढे आली. इंदूरची. नवरा आमच्याच कारखान्यात फाउंड्रीत, ती माझ्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आमच्या विभागात, टेपिंगला. ती म्हणाली, सरोज, इकडे ये, मनगट धर. सरोज म्हणजे सागरकडची, बुंदेली बोलायची, हाडापेरानं दणकट. दोघींनी एकमेकींची मनगटं धरली, चौकोनी बैठक झाली, म्हणाल्या बस महारानी. मी बसले, हात दोघींच्या गळ्यात, कुबड्या तिसरीनं घेतल्या, अन् वर गेले. वर गेले ते कितीतरी वर्षं तशीच जात राहिले.

त्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे एक आडवी सीट होती, लांबलचक, भिंतीला पाठ लावून बसायची. ती बायकांची. मागे पुरुष मांडीवर रुमाल टाकून पत्ते खेळायचे अन् पुढे आमची आडवी सीट. काय नव्हतं त्या सीटवर सांगा! हिवाळा आला की सगळ्यांच्या मांडीवर लोकरीचे गुंडे, उलटं-सुलटं मोजणं चालू. संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच, तिळगूळ ड्रायव्हरलाही. कुणाची सासू काय बोलली, कुणाच्या पोराला कितव्यांदा गणितात भोपळा मिळाला, सगळं. निर्मला मधोमध बसायची अन् पेपर वाचून दाखवायची, आवाज असा खणखणीत की मागचे पत्तेवाले म्हणायचे भाभी, जरा धीरे. मी टोकाला, दाराजवळ. मी खूश होते ताई, खोटं नाही सांगत. निर्मला माझी बहीणच. तिच्या घरी पुरणपोळी झाली की पहिली माझ्याकडे यायची. मी तिच्या मुलाला पाढे शिकवले.

पण एक गोष्ट होती, ती कुणाला दिसत नव्हती. निर्मला रजेवर गेली की मीही रजेवर. सरोज एकटी कशी उचलणार? एकदा मागच्या पुरुषांपैकी एकानं उचललं मला, मदत म्हणूनच, पण उचलताना त्याचे हात जिथे नको तिथे गेले, अन् मी तोंडातून शब्द काढू शकले नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा गरज लागली तर? मग मी ठरवलं की निर्मला नाही तर मी नाही. निर्मलाच्या भावाचं लग्न, माझी रजा. निर्मलाच्या दिराच्या मुलाचं बारसं, माझी रजा. निर्मलाला कावीळ झाली, माझी रजा. शॉपमध्ये चिडवायचे की यांची जोडगोळी आहे. अन् मग माझी आई आजारी पडली, तिकडे कोटऱ्याला, तेव्हा माझ्याजवळ रजाच उरली नव्हती. रविवारी जाऊन यायची. ती गेली तेव्हा मी टेप गुंडाळून राहिले होते. ते मी निर्मलाला कधी बोलून दाखवलं नाही. काय बोलणार? तिनं काय मुद्दाम केलं होतं?

मग एक दिवस निर्मलानंच पेपरात वाचलं. आडव्या सीटवर, मोठ्यानं. की अपंगांसाठी दिल्लीत कायदा झाला, बसमध्ये, रेल्वेत, त्यांना चढता येईल अशी सोय करावी लागेल. अन् खाली छापलं होतं की परदेशात असे कायदे आहेत, तिथे बस फुटपाथला येऊन टेकते, फळी बाहेर येते अन् माणूस खुर्चीसकट आत जातो. सगळ्या बायका हसल्या. सरोज म्हणाली, हमाई बस तो ठीक से ठाडी भी नई होत, म्हणजे आपली बस तर धड उभीही राहत नाही. पण निर्मला हसली नाही. ती म्हणाली मंदे, माग तू. हक्काचं आहे. मी म्हटलं असू दे ग, तुम्ही आहात ना. ती म्हणाली आम्ही काय जन्माला पुरणार आहोत? हे तिचे शब्द. ताई, हे लिहा तुम्ही, हे तिचेच शब्द आहेत.

मी मागितली. ट्रान्सपोर्टच्या साहेबांकडे गेले, युनियनकडे गेले, मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर बसले. ट्रान्सपोर्टचे साहेब गोड माणूस, चहा पाजायचे. म्हणायचे मॅडम, कायद्यातच लिहिलं आहे, ऐपतीप्रमाणे करा. मी म्हटलं साहेब, एवढा कारखाना, इथून रेल्वेच्या डब्याएवढी यंत्रं बाहेर जातात, अन् एका फळीची ऐपत नाही? ते हसले अन् आणखी चहा सांगितला. ऐपतीप्रमाणे! मला तो शब्द फार दिवस टोचत राहिला. कायदा करणाऱ्यांनी समोरचं दार बांधलं अन् मागचं उघडं ठेवलं, ज्याला पळायचं त्यानं पळावं. पण मी काही कमी नव्हते. जात राहिले, चहा पीत राहिले. शेवटी आमच्या गॅरेजवाल्यांनीच एका जुन्या बसला मधलं रुंद दार कापलं, खाली बिजागऱ्यांवर लोखंडी फळी बसवली, उलगडली की रस्त्याला टेकायची. अन् आत खुर्ची उभी करायला जागा केली, पट्टा लावला. ती जागा कुठून काढली माहीत आहे? आडवी सीट काढून टाकली.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. नारळ फोडला, झेंडूची माळ लावली, निर्मलानं फळीला कुंकू लावलं. मला खुर्ची दिली होती कारखान्यानं. मी चौकात गेले, रफीकभाईंनी उतरून फळी टाकली, अन् मी माझ्या हातानं चाकं फिरवली. वर. कुणाच्या गळ्यात हात नाही. कुणाच्या घामाचा वास नाही. काय सांगू तुम्हाला, मी चाळिशी ओलांडलेली बाई, पण मला वाटलं मी आज पहिल्यांदा कामावर चालले आहे. त्याच महिन्यात मी एक रजा टाकली, उगाच. निर्मला कामावर अन् मी रजेवर. वडील एकटेच होते तिकडे, त्यांच्याकडे गेले, वांग्याचं भरीत केलं, दोघांनी खाल्लं. ते म्हणाले आज कसली सुट्टी? मी म्हटलं माझी.

मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. आडवी सीट गेली म्हणून बायकांना दोन-दोनच्या सीटवर कुठे कुठे पुरुषांच्या मधे बसावं लागायचं, नाहीतर उभं. विणकाम बंद, पेपर बंद. सरोज उतरताना म्हणायची, काए जिज्जी, तुमाई गाडी में तो हम ठाडे-ठाडे आए. तुमाई गाडी! ती बस आता माझी झाली होती, सगळ्यांची नव्हती. मी म्हणायची अग मी साहेबांना सांगते, मागे दोन सीटा आडव्या करून द्या. सांगितलंही. साहेब म्हणाले बघू. निर्मला मात्र दांड्याला धरून उभी राहायची अन् खिडकीबाहेर पाहायची.

एक दिवस चौकात जुनी बस आली. तीच, उंच पायरीची, आडव्या सीटची. मी विचारलं फळीची कुठे गेली? निर्मला म्हणाली गॅरेजला गेली असेल, येईल. अन् मनगट पुढे केलं. सरोजनंही केलं. मी बसले. वाटलं आजच्या दिवस. आजच्या दिवसाचा आठवडा झाला, महिना झाला. मी रोज विचारायची, निर्मला रोज सांगायची की काम निघालं असेल ग काहीतरी. अन् आडव्या सीटवर पुन्हा लोकरीचे गुंडे आले, पुन्हा पेपर आला. मी टोकाला बसून ऐकायची. रफीकभाईंना विचारलं तर ते आरशात पाहायचे अन् म्हणायचे, बहनजी, मैं तो ड्रायव्हर हूँ.

मग दिल्लीचे एक साहेब आले. कायदा कसा पाळून राहिले ते पाहायला. कँटीनच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं, मला पहिल्या रांगेत, गळ्यात हार. मी तयारी करून गेले होते, की विचारलं तर सांगायचं, गाडी गॅरेजमध्ये अडकली, जरा लवकर काढा. त्यांनी विचारलं की बसचं काय? तर आमचे ट्रान्सपोर्टचे साहेब उठून म्हणाले, सर, गाडी बनवली होती, पण मॅडमनाच नको झाली, त्यांनीच निरोप पाठवला मैत्रिणीबरोबर की जुनी बरी. मला वाटलं दुसऱ्या कुणाबद्दल बोलून राहिले. मी मागे वळून पाहिलं, आणखी कोण मॅडम आहे ते. अन् निर्मला उभी राहिली. माझ्याजवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, अन् त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, हो सर, आम्ही बायकांनी जाऊन सांगितलं, हिला गाडीची गरजच नाही, आम्ही हिला इतकी वर्षं फुलासारखी उचलतो, पुढेही उचलू.

टाळ्या. अहो, काय टाळ्या! पुरुष उभे राहिले. दिल्लीच्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, कानून अपनी जगह है, लेकिन इंसानियत कानून से बडी है. अन् त्या टाळ्यांत माझ्या खांद्यावर निर्मलाचा हात. शत्रूनं हे केलं असतं ना तर मी त्याला पुरून उरले असते. पण मला माहीत होतं तो हात. त्या हातावर मी बसले आहे.

मी म्हटलं, सर, मी निरोप पाठवला नाही. मला फळी हवी.

टाळ्या थांबल्या. सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की जसं मी देवळात थुंकले. दिल्लीचे साहेब गडबडले, म्हणाले देखेंगे, अन् मग समोसे आले. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी मी निर्मलाच्या दारात गेले. विचारलं, काहून केलंस? ती कणीक मळून राहिली होती, मान वर केली नाही. म्हणाली, सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस, इतकी वर्षं उचललं त्याचं हे फळ? मी म्हटलं मी नाही, तू माझं तोंड दाबलंस. मग ती उसळली. म्हणाली तुला काय माहीत, सकाळी उठल्यापासून मी उभी असते, चुलीशी उभी, नळाला उभी, घरी आले की सासूच्या समोर बसायची सोय नाही, दिवसात तेवढीच एक सीट माझी होती, तेवढंच मी कुणाला तरी ऐकवणारी होते, तीही तुझ्या कायद्यानं काढली. मी म्हटलं मग सीटसाठी भांडायचं होतं, दोघी मिळून भांडलो असतो, माझं नाव काहून वापरलंस? तर ती रडायला लागली. अन् रडता रडता म्हणाली, पहिल्या दिवशी तू एकटी चढलीस ना, तेव्हा माझ्याकडे एकदा वळून पण पाहिलं नाहीस.

नव्हतं पाहिलं मी. खरं आहे. पण चढताना कुणी मागे पाहतं का, सांगा मला? ती रोज चढते तेव्हा कुणाकडे पाहते? त्या दिवशी मला कळलं की हिला मी आवडत होते, पण हातावर. मी खाली उतरले, म्हणजे माझ्या चाकांवर आले, अन् मी हिची कुणीच राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी चौकात मनगटं धरून उभ्या. मी म्हटलं नको. सरोज म्हणाली, काए जिज्जी, गुस्सा थूक दो. मी म्हटलं नको म्हणजे नको. अन् मी हातानं चालवायची तीनचाकी काढली. टाउनशिपपासून कारखान्यापर्यंत चढ आहे, पाहिला असेल तुम्ही. त्या चढावर मी रिटायर होईपर्यंत तीनचाकी चालवली. पावसात, उन्हात, लू चालायची तेव्हा तोंडाला ओला पंचा बांधून. बस मला ओलांडून जायची. आडव्या सीटची पाठ त्या बाजूला होती, त्यामुळे मला नुसत्या वेण्या अन् अंबाडे दिसायचे. कधी कधी बस माझ्याजवळ आली की हळू व्हायची. रफीकभाई करायचे का कुणी सांगायचं, मला माहीत नाही. मी कधी थांबले नाही.

अन् ती फळीची बस? ती कुठेच गेली नव्हती. ती अधिकाऱ्यांच्या क्लबला सामान पोचवायची. कूलर, गॅसचे सिलेंडर, लग्नाच्या खुर्च्या. फळीवरून काय छान चढतात सिलेंडर, नुसते लोटायचे. एकदा माझ्यासमोर उतरवून राहिले होते. मी थांबून पाहिलं. पोऱ्या म्हणाला अम्मा, हटना जरा.

निर्मला रिटायर झाल्यावर मुलाकडे पुण्याला गेली. जायच्या दिवशी ट्रकमध्ये सामान भरलं तेव्हा माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात डबा होता. मी आत ये म्हटलं. ती म्हणाली बसत नाही आता, उशीर होईल. डबा ठेवून गेली. बेसनाचे लाडू. मी खाल्ले, फेकले नाहीत. चांगले झाले होते. पण माफ केलं असं काही म्हणू नका हं, लिहिताना. लाडू खाल्ले एवढंच लिहा. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लंडनला असते, तिनं सांगितलं मावशी, इथेही भांडणं होतात, बसमध्ये चाकखुर्चीच्या जागेवर बायका बाबागाडी लावतात अन् हटत नाहीत, प्रकरण पार मोठ्या कोर्टात गेलं. मी म्हटलं म्हणजे तिथेही जागेचंच. कायदा कुठलाही असो, शेवटी कुणाला तरी सरकून बसावं लागतं, अन् सरकायचं म्हटलं की माणसं तोंड फिरवतात. फरक इतकाच की तिथे तोंडावर नाही म्हणतात, इथे प्रेमानं उचलतात.

आता मी अवधपुरीला राहते, भाच्याजवळ, खालच्या खोलीत. आता शहरातल्या बसलाही फळी आहे, खाली बुटकी बस, दारावर खुर्चीचं निळं चित्र. मागल्या आठवड्यात बँकेत जायचं होतं, स्टॉपवर गेले. बस आली. मी कंडक्टरला म्हटलं बेटा, फळी टाक. तो म्हणाला अम्मा, वो जाम है. मी म्हटलं मग साफ कर. मागून लोक ओरडायला लागले, ऑफिसला उशीर होतो. तेवढ्यात कॉलेजची दोन चांगली पोरं उतरली, हसरी, एकाच्या पाठीवर बॅग, म्हणाले अम्मा, चिंता मत करो, हम उठा लेते हैं, अन् माझ्या खुर्चीला हात घातला. मी ब्रेक ओढला. म्हटलं हात लावू नका. पोरांचा चेहरा पडला. एक म्हणाला, हम तो मदद कर रहे थे. खरंच करून राहिले होते. बस निघून गेली. मी थांबले. पुढची आली, तिचीही नाही निघाली. तिसरीच्या कंडक्टरनं पायानं दोन लाथा मारल्या तेव्हा ती फळी आवाज करत खाली आली. बँक बंद झाली होती तोवर. मी तरी बसले त्या बसमध्ये, शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले अन् त्याच बसनं परत आले.

बस, एवढंच आहे माझं. तुम्ही चहा घ्या, निवला असेल. देव तुमचे हातपाय शेवटपर्यंत चालते ठेवो, ताई. अन् नाहीच ठेवले, तर उचलायच्या आधी तुम्हाला विचारणारं माणूस भेटो. मला नाही भेटलं.